निळ्याचा हिरवा होऊ नये म्हणून

कोरा मेपल दिसायला अगदी साधा असतो. फिकट, किंचित पिवळसर, डोळ्यांत न भरणारा. स्पिरिटमध्ये भिजवलेला सुती बोळा त्यावरून एकदा फिरवला की मात्र लाकडाच्या आतून आडवे पट्टे वर येतात. एक उजळ, एक गडद. आणि तुम्ही मान जराशी हलवलीत की उजळ होता तो गडद होतो. अर्ध्या मिनिटात स्पिरिट उडून जातं आणि समोर पुन्हा तीच फिकी फळी उरते. गिटारच्या मेपलला फिनिश द्यायचं म्हणजे ते अर्धं मिनिट धरून ठेवायचं. ते कशाने धरायचं, आणि धरून ठेवणारा थर स्वतः दहा-वीस वर्षांनी कसा दिसणार, यावर गिटार करणारे पाऊणशे वर्षं भांडताहेत.

या पट्ट्यांचं गुपित रंगात नसतं. झाडाचे तंतू सरळ वर न जाता नागमोडी वाढले की असं लाकूड मिळतं. फळी कापली की लाटेच्या एका उतारावर तंतू आडवे पडलेले असतात, ते प्रकाश परतवतात. दुसऱ्या उतारावर तंतूंची उघडी तोंडं वर येतात, तिथे प्रकाश आत मुरतो. उजेडाची दिशा बदलली की उतारांची अदलाबदल होते. आपल्याकडे धूपछाव पैठणी ज्यांनी उन्हात उलगडून पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको: उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि पदर हलला की साडी रंग बदलते. मेपलमध्ये विणकर नाही, एवढाच फरक. व्हायोलिनच्या पाठीला असं लाकूड शतकानुशतकं लावलं जातं. गिटारवाले त्याला फ्लेम म्हणतात. पट्ट्यांऐवजी फुगे फुगे दिसले तर क्विल्ट. ते बहुतेक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रुंद पानांच्या मेपलमध्ये सापडतं. बारीक डोळे दिसले तर बर्ड्सआय.

माझ्या भाच्याकडे आली ती फ्लेमची बॉडी. महोगनीच्या जाड फळीवर मेपलचा टॉप. एकच फळी मधोमध चिरून, पुस्तक उघडावं तशी दोन्ही अंगांनी मांडलेली, त्यामुळे डावीकडचे पट्टे उजवीकडे आरशातल्यासारखे उलटे उतरलेले. वर काहीच लावलेलं नव्हतं. माझी बहीण खोक्यात डोकावून म्हणाली, "एवढे पैसे मोजून बिनरंगाचं का घेतलंस रे? रंगवलेलं काय कमी पैशात मिळत नव्हतं?" मिळत होतं, हे त्याने तिला सांगितलं नाही. मला म्हणाला, "मामा, मला ती निळी करायची आहे. गडद निळी, पण पट्टे दिसले पाहिजेत." तो वाळूजच्या एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये आहे. दिवसभर पत्र्यावर चढणारे थर मायक्रॉनमध्ये मोजतो. तेव्हा रंगाची आपल्याला काय चिंता, असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

छत्रपती संभाजीनगरात गिटार बनवणारा कारागीर शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही. गणपतीत वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रांच्या गिटारी दुरुस्तीला मुंबई-पुण्याला जातात. पण रंगाची जाण या गावाला कमी नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाची मोटार जोडली जाऊ लागली, आणि त्यांच्या आगेमागे सुट्या भागांचे, पावडर कोटिंगचे, प्लेटिंगचे शेकडो छोटे-मोठे धंदे उभे राहिले. कारखान्यांतून हात घडवून बाहेर पडलेली माणसं जिन्सीपासून चिकलठाण्यापर्यंत गॅरेजांमधून काम करतात. बंपरवरचा ओरखडा शेजारच्या पत्र्याच्या रंगात बेमालूम मिसळून देणारा माणूस इथे गल्लोगल्ली सापडतो.

आणि इलेक्ट्रिक गिटारला मोटारींचा रंग परका नाही. उलट तिचा जन्मच त्या डब्यात झाला असं म्हणायला हरकत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीला वार्निशचे थर देऊन वाळवायला आठवडे लागत. १९२३ मध्ये ड्यूपाँ कंपनीने ड्यूको आणला. नायट्रोसेल्युलोज विरघळवून केलेला हा लॅकर फवारला की थोड्याच वेळात वाळायचा; जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवर तो पहिल्यांदा निळ्या रंगात दिसला. पुढे तोच फवारा फर्निचरच्या आणि वाद्यांच्या कारखान्यांत पोचला. आपले सुतार आणि पॉलिशवाले आजही कपाटाच्या दारांवर फवारलेल्या चकचकीत रंगाला सर्रास ड्यूको म्हणतात, डब्यावर नाव काहीही असो. कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीने पन्नास-साठच्या दशकांत गिऱ्हाइकांना वेगळे रंग द्यायचे ठरवले तेव्हा नवे रंग घोटण्याच्या भानगडीत न पडता मोटारींचे डबेच उघडले. फिएस्टा रेड हा फोर्डच्या थंडरबर्डचा रंग, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा.

पण ते झाले झाकणारे रंग. खाली काय लाकूड आहे याची त्यांना फिकीर नसते. मेपलचा मामला उलटा. गिब्सनची लेस पॉल गिटार १९५२ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यावरही मेपलचाच टॉप होता, पण सोनेरी रंगाखाली गाडलेला. सहा वर्षं कुणाला पट्टे दिसले नाहीत. १९५८ मध्ये कंपनीने सोनेरी सोडून पारदर्शक रंग धरला: मधोमध पिवळा, काठाला चेरी लाल, सूर्य मावळताना पसरतो तसा. गंमत अशी की कंपनी पट्टे निवडून फळ्या घेत नव्हती. काही गिटारींवर ज्वाळा उठल्या, काही सपाट निघाल्या. १९६० मध्ये हा नमुना बंदही झाला, कारण खप नव्हता. आज त्या तीन वर्षांतल्या गिटारी जगातल्या सर्वांत महागड्या गिटारींमध्ये मोजल्या जातात.

त्यांच्या किमतीत एका चुकीचाही वाटा आहे. काठाचा लाल रंग उजेडाला टिकणारा नव्हता. दुकानाच्या काचेमागे किंवा खिडकीशी राहिलेल्या गिटारींचा लाल उडत गेला. काहींचा मधासारखा झाला, काही लिंबासारख्या पिवळ्या उरल्या. १९६० मध्ये कंपनीने जास्त टिकाऊ लाल वापरायला सुरुवात केली. आजचे संग्राहक मात्र त्या उडालेल्या लालवर जीव टाकतात, आणि कंपन्या नव्या गिटारींवर तो उडालेपणा मुद्दाम रंगवून विकतात. मला हा शौक कळतो, पण पटत नाही. जे उन्हाने फुकट केलं ते पैसे देऊन विकत घ्यायचं म्हणजे फाटलेल्या जीन्सचा व्यवहार झाला.

लाल नुसता उडाला. निळ्याची अडचण वेगळी, आणि ती आम्हाला उशिरा उमगली.

त्या जुन्या गिटारींवरचा पारदर्शक थर नायट्रोसेल्युलोजचा. रसिकांमध्ये त्याचा दरारा आहे. तो पातळ बसतो, नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे दुरुस्ती सोपी. पण वर्षं जातात तसा तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. थंड गाडीतून काढून गिटार एकदम गरम खोलीत आणली तर त्यावर बारीक तडे जातात. गिटार ज्या स्टँडवर टेकवतात त्याच्या रबरातली द्रव्यं त्याला मऊ करतात आणि रबर तिथेच चिकटून बसतं. नायट्रोसेल्युलोज म्हणजे मुळात बंदुकीच्या कापसाच्या कुळातला पदार्थ. जुन्या सिनेमाची रिळं याचीच असत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये असल्याच फिल्मवर उतरला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची रिळं राख झाली. गिटारवरचा वाळलेला थर काही आपोआप पेटत नाही, पण फवारताना हवेत जे उडतं त्याच्या आसपास विडी ओढणारा माणूस नको.

नायट्रोच्या बाजूने हमखास ऐकू येणारा मुद्दा आवाजाचा. पातळ थराखाली लाकूड 'श्वास घेतं' म्हणे. झाड तोडलं तेव्हाच त्याचा श्वास संपला. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तारेच्या कंपनातून पिकअपच्या चुंबकाभोवतीच्या गुंडाळीत उचलला जातो. पाच सेंटिमीटरभर जाड भरीव लाकडावर कागदाएवढा थर कसला चढवला, याने त्यात फरक पडतो असं मला कुणी डोळे बांधून ओळखून दाखवलेलं नाही. स्ट्रॅडिव्हरीच्या व्हायोलिनांबद्दलही अशीच दंतकथा होती, की गोडवा वार्निशमध्ये आहे. २००९ च्या अखेरीस फ्रेंच संशोधकांनी त्याच्या काही वाद्यांवरचे थर तपासले, तर निघालं वाळणारं तेल, पाइनची राळ आणि नेहमीचेच रंग. चित्रकार वापरत तेच.

पोकळ वाद्याची गोष्ट वेगळी. तिथे पातळ लाकूड स्वतः थरथरतं. त्यासाठी मिरजेला जावं लागतं.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी वास येतो, लाखेचा आणि स्पिरिटचा. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी इथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, आणि पुढच्या पिढ्यांनी गल्लीला धंद्याचं नाव दिलं. भोपळे पंढरपूर-बेगमपूरकडचे, लाकूड तूनाचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इथे पॉलिश म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून, गाळून, कापडी बोळ्याने अंगावर जिरवायची. बोळ्याच्या आत कापूस, बाहेर धुवट सुती फडकं, आणि तो सरकावा म्हणून तेलाचा एखादा थेंब. हात सतत फिरता हवा. क्षणभर थांबला की बोळा चिकटतो आणि खालचा थर ओरबाडून निघतो. एकेक हात इतका पातळ की दिसत नाही. कित्येक हातांनंतर भोपळा आतून उजळल्यासारखा दिसायला लागतो. तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या पातळ फळीवर, मात्र हात आवरता घ्यायचा, कारण तिथे थर जाड झाला तर तिचं थरथरणं बसतं. पावसाळी हवेत काम थांबवलेलं बरं. ओल धरली की लाखेवर पांढरी झाक चढते.

मला तिथेच वाटून गेलं की हेच लावावं. लाख आपली. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर बसणाऱ्या बारीक किड्याचं हे देणं. झारखंड-छत्तीसगडचा पट्टा तिचं माहेर, आणि आपल्याकडे गोंदियाच्या बाजूला ती घेतात. जगात लाख पुरवण्यात भारत कायम आघाडीवर राहिला. बालगंधर्वांचं गाणं ज्या तबकड्यांवरून घरोघर गेलं त्या तबकड्यांतही लाखच होती. शिवाय लावायला ना फवारा लागतो ना मुखवटा, आणि बिघडलं तर स्पिरिटने पुसून पुन्हा सुरू.

भाच्याने उरलेल्या मेपलच्या तुकड्यांवर निळा लावून ठेवला होता. मिरजेहून आणलेली लाख एका तुकड्यावर चढवली. पट्टे खोल गेले, सुरेख दिसले, आणि निळा हिरव्याकडे झुकला. समुद्राचा रंग छान होता, पण त्याने मागितला होता तो नव्हता. लाख मुळातच मधाच्या रंगाची. पिवळ्या काचेतून निळं पाहिलं तर आणखी काय दिसणार? नायट्रो पहिल्या दिवशी स्वच्छ असतो, पण वर्षांनी तोही तिथेच पोचतो. फेंडरच्या जुन्या निळ्या गिटारी आज हिरवट दिसतात त्या यामुळे.

हे आमच्या गावाला खरं तर नवीन नाही. इथून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्यात, निळ्याची अशीच गोष्ट घडून गेली आहे, फक्त फार मोठ्या मोलाची.

१८१९ मध्ये अजिंठ्याची लेणी बाहेरच्या जगाच्या नजरेस आली. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल तिथेच मुक्काम ठोकून भित्तिचित्रांच्या नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या १८६६ च्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि १८७२ ते १८८५ या काळात नव्याने नकला झाल्या. त्यातल्याही बऱ्याचशा लंडनमध्येच दुसऱ्या आगीत जळाल्या. नकलाकारांपुढची अडचण मेपलवाल्याचीच होती. धुराने, धुळीने भिंत मंद झालेली. ओली केली की रंग उठतात, वाळली की पुन्हा बसतात. तेव्हा ते अर्धं मिनिट लांबवण्यासाठी भिंतीवर वार्निश फिरवलं गेलं.

पुढे लेणी निजामाच्या राज्यात असताना, १९२० ते १९२२ च्या दरम्यान, सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या जाणकारांना बोलावलं. भिंतीपासून सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा बसवला, फुटके काठ बांधून घेतले. ते झालं नसतं तर आज आपण पाहतो त्यातलं बरंच जमिनीवर पडलं असतं, हे आधी मान्य केलं पाहिजे. पण त्यांनी चित्रांवर लाखेचं वार्निशही दिलं. त्या काळात युरोपात हा मान्य उपाय होता. त्यात निष्काळजीपणा नव्हता. पुढच्या दशकांत ती लाख पिवळी पडली, मग तपकिरी, तिच्यावर धूळ बसत गेली, आणि तिच्याखाली पांढरे पिवळे झाले, निळे निळे राहिले नाहीत. अजिंठ्याचा निळा म्हणजे अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द. एवढ्या लांबून, एवढ्या मोलाने आणलेला दगड कुटून, घोटून लावलेला रंग झाडांवर मिळणाऱ्या राळेखाली हरवला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ तो थर गेली कित्येक वर्षं द्रावकांनी, हातभर जागा घेऊन, कापसाच्या बोळ्याने काढताहेत. साफ झालेल्या पट्टीशेजारी न झालेली पट्टी असेल तिथे उभं राहून एकदा पाहा.

आणि ही लाख सहज निघत नाही. ताजी असते तेव्हा स्पिरिटला लगेच वश होते. जुनी होत जाते तशी आतल्या आत घट्ट बांधली जाते आणि साध्या स्पिरिटला दाद देत नाही. म्हणजे 'चुकलं तर पुसून टाकू' या भरवशालाही मुदत असते. मिरजेच्या तंबोऱ्यांचं बरं चालतं, कारण ते दर काही वर्षांनी कारागिराच्या हातात परत येतात. भिंत कुठे परत जाणार?

एवढं पाहिल्यावर आमचा प्रश्न सुटसुटीत झाला. मेपल पिवळा, तांबूस, मधाळ करायचा असेल तर लाखेला तोड नाही. ती पिवळी पडली तरी रंगाच्या बाजूनेच जाईल. निळा ठेवायचा असेल तर न पिवळणारा थर हवा. सुतारांकडचं मेलामाइन पॉलिश आम्ही बाद केलं. ते स्वस्त, कडक आणि झटपट, पण त्याचा फॉर्मलडिहाइडचा वास डोळ्यांतून पाणी काढतो आणि कालांतराने झाकही बदलते. पीयूमध्ये, म्हणजे पॉलीयुरेथेनमध्ये, दोन जाती. एकीचा हार्डनर सुगंधी कर्बवलयांचा, तो उन्हात पिवळतो. दुसरीचा सरळ साखळ्यांचा, तो पिवळत नाही पण महाग. मोटारींवरचा टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर, या दुसऱ्या जातीचा असतो, शिवाय त्यात उन्हाचे अतिनील किरण अडवणारी द्रव्यं घातलेली असतात. मोटार जन्मभर उन्हातच उभी राहायची, हे गृहीत धरून केलेला माल तो. गावात ज्याची दुकानं पावलोपावली आहेत तोच थर आम्हाला हवा होता.

राहिला रंग. वर कितीही चांगला थर दिला तरी खालचा निळा उडणार असेल तर काय उपयोग? इथे मराठवाड्याचा उन्हाळा कामी आला. भाच्याने दोन प्रकारचे निळे मेपलच्या तुकड्यांवर लावले: एक दुकानात मिळणारा साधा स्पिरिटचा रंग, दुसरा धातुयुक्त डाय. दोन्हींवर क्लिअर मारला, अर्ध्या भागावर काळी चिकटपट्टी लावली आणि फाल्गुनात तुकडे गच्चीवर पापडांच्या शेजारी ठेवून दिले. मे संपताना पट्ट्या सोलल्या. साध्या रंगाचा उघडा भाग धुतलेल्या शाळेच्या सदऱ्याइतका फिका पडला होता. धातुयुक्त रंगात पट्टीची रेघ शोधावी लागली. प्रयोगशाळेत यासाठी यंत्रं असतात. इथे ऊन फुकट मिळालं.

लाकूड तयार करायला सर्वांत जास्त वेळ गेला, आणि वाचकहो, यात कुणी घाई करू नये. नागमोडी तंतूंवर रंधा मारला की उलट्या उतारावर लाकूड चिमट्याने उपटल्यासारखं उखडतं. तिथे पोलादी पत्तीने खरवडावं लागतं. मग १२० नंबरपासून ३२० पर्यंत पॉलिश पेपर, सगळे हात तंतूंच्या दिशेने. एक जरी हात आडवा गेला तरी कोऱ्या लाकडावर तो दिसत नाही, पण रंग लागल्याबरोबर ओरखडा काळा होऊन समोर येतो. जोडातून बाहेर आलेला सरस कुठे राहिला असेल तर तिथे रंग धरतच नाही. त्यानंतर पाण्याने पुसून तंतू उभे करायचे, वाळवायचे आणि हलक्या हाताने पुन्हा घासायचे. पहिला रंग चक्क काळा लावला. बहीण दारातून पाहून गेली आणि काहीच बोलली नाही, म्हणजे तिला काय वाटलं ते कळलं. मग तो काळा घासून काढला. उघड्या तोंडांच्या उतारावर तो खोल मुरलेला असतो, तिथे राहतो. आडव्या तंतूंवरचा निघून जातो. त्यावर निळा. आता पट्टे उजेडाची वाट न पाहता दिसत होते.

गॅरेजमधल्या उस्तादांनी बॉडी हातात घेऊन उलटसुलट केली, कानाशी नेऊन बोटाने ठोकली, आणि विचारलं, "कलर तो कैसा बी मार देंगे साब. ये लकडी पानी छोडती क्या, वो बोलो पैले." प्रश्न नेमका होता. पत्र्याला पाणी सोडायची सवय नसते. लाकडात ओल असली आणि वर हवाबंद थर बसला की फोड येतात. म्हणून फवारणी मृग लागायच्या आत उरकली, आणि मोटारीचा पत्रा जसा साठ अंशांवर भाजून पक्का करतात तसं काही केलं नाही. लाकडातली हवा तापून क्लिअरमधून बुडबुडे काढते.

भाच्याची अडचण आणखी वेगळी. थराची जाडी मोजायचं त्याचं यंत्र पत्र्यावर चालतं, लाकडावर आकडा दाखवत नाही. पत्र्याशिवाय तो जरा पोरका झाला. मग त्याने बॉडीशेजारी लोखंडाची पट्टी टांगली आणि उस्तादांना सांगितलं, जेवढे हात हिला तेवढेच तिला. मोटारीवर क्लिअरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. गिटारला त्याहून जास्त लागतो, कारण नंतर पाण्याच्या पेपरने घासून तो सपाट करायचा असतो आणि कडांवर थर आरपार गेला की खालचा निळाही जातो. पट्टीने हिशेब दिला.

इथे एक गोष्ट खटकली ती लिहायलाच हवी. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना लागलं की दम्याचा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे थोडंसंही सोसत नाही. कारखान्यांत यासाठी बंद खोली असते, बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा असतो. गल्लीतल्या गॅरेजात ओला रुमाल. भाच्याने कोळशाच्या पुड्यांचा मुखवटा नेला होता. उस्तादांनी तो आमच्या समाधानासाठी घातला आणि दुसऱ्या हातानंतर गळ्यात लटकवला. "आदत नक्को साब, अंधेरी आती." भाच्याने फवारा थांबवायला लावला, मुखवटा पुन्हा चढेपर्यंत. ज्याची गिटार आहे तो तीन आठवड्यांनी वास गेल्यावर ती हातात घेतो. थर देणारा तो वास रोज छातीत घेतो. ज्याला हे नको असेल त्याच्यासाठी आता पाण्यावरचे चांगले क्लिअरही निघाले आहेत. थोडे नाजूक, पण छातीला सोसणारे.

पाठीच्या बाबतीत मी माझं म्हणणं पुढे रेटलं. महोगनी तांबूस, तिथे निळ्याचा प्रश्नच नाही. तिच्यावर मिरजेची लाख चढली, भाच्याच्या हाताने, रोज रात्री जेवणं झाल्यावर. पहिल्या दोन हातांना त्याने बोळा थांबवला आणि दोन ठिकाणी थर उपटला. तिसऱ्या दिवशी हात बसला. पुढचा क्लिअर आणि मागची लाख जिथे भेटतात तिथे काठावर त्याने मेपलची दोन मिलिमीटरची पट्टी बिनरंगाची ठेवली आहे. लांबून ती वेगळी जडवलेली वाटते.

गणपतीत गिटार मंडळाच्या स्टेजवर वाजली. घामाने पाठीवरची लाख एका जागी मंद झाली, शिवाय पट्ट्याच्या बकलने तिरपी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी त्याने बोळा काढला आणि दहा-पंधरा मिनिटांत दोन्ही घालवलं. पुढच्या अंगाला पिकचा एक बारीक, पण नखाला लागणारा ओरखडा आला आहे. त्यासाठी तो गॅरेजात गेला. उस्तादांनी अंगठ्याने चाचपून पाहिलं आणि मोटारवाल्यांना सांगतात तेच सांगितलं: "इत्ता-सा नै होता मियाँ, पूरा पॅनल मारना पडता."